घरच्या पोरीचे अकरा गुण

सर, मागे तुमच्या शोकसभेत मला तुमची मानसकन्या म्हणून बोलायला उभं केलं. शाळेच्या पटांगणात मंडप टाकला होता, तुमच्या फोटोला झेंडूचा हार होता आणि फोटोतले तुम्ही नेहमीसारखे कुणाची तरी चूक सापडल्यासारखे बघत होता. संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "सरांनी हयातीत एकाही पोराला एक गुण फुकट दिला नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते काही खोटं नाही. मग माइक माझ्या हातात आला. "सरांनी मला घरी ठेवून घेतलं, जेवू घातलं, शिकवलं," एवढं म्हणून मी खाली बसले. लोकांना वाटलं, गळा दाटून आला. गळा बिळा काही दाटला नव्हता. राग आला होता. पण समोर पहिल्या रांगेत काकू पदर तोंडाला लावून बसल्या होत्या, त्यांच्यादेखत तुमची अब्रू काढायचं मला जमलं नाही.

म्हणून आता लिहिते. आता तुम्हाला मध्येच "चाल, चहा सांग" म्हणून विषय मोडता येणार नाही. इतकी वर्षं तुम्ही तेच केलंत.

जे खरं आहे ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल पोरगी नमकहराम निघाली. शेलूबाजारच्या आपल्या या टिनाच्या शाळेत दिवाळीनंतरचा रिवाज तुम्हीच पाडलात. दहावीच्या ज्या पोरांचे आईबाप ऊसतोडीला नाहीतर वीटभट्टीवर निघून जातात, ती पोरं मास्तरांनी वाटून घ्यायची आणि परीक्षा होईपर्यंत आपापल्या घरी ठेवायची. शाळेला अनुदान नाही, मास्तरांचे पगार म्हणजे बोलायची सोय नाही, आणि तरी तुम्ही सगळ्यांना दमात घेऊन हे करून घेत होता. माझे आईबाप किन्हीराजाहून ट्रकमध्ये बसून गेले त्याच दिवशी संध्याकाळी तुम्ही मला सायकलवर पुढे बसवून घरी आणलंत. काकूंनी दारातच विचारलं होतं, "हे कोन आनली आता?" तुम्ही म्हणालात, "आपलीच हाये. भाकर टाक." त्या एका शब्दावर मी तुमच्यावर जीव टाकला, सर. "आपलीच."

पहाटे तुम्ही उठवायचे. हाक मारायचे नाही, पितळी लोट्यावर चमचा वाजवायचे. चहा स्वतः करायचे, त्यात साखर बेताची आणि आलं मात्र मूठभर. मग चुलीजवळ बसवून बीजगणित. मी चुकले की "वा रे माह्या विद्वान" म्हणायचे, आणि बरोबर आलं की काहीच म्हणायचे नाही. त्या घरात मी चार महिने राहिले आणि माझ्या आईच्या हातचं जेवढं खाल्लं नव्हतं तेवढं खाल्लं. हे सगळं मला कबूल आहे. कोणत्याही देवळात उभं करा, मी हेच सांगेन.

पण मग फेब्रुवारीत विज्ञानाचं प्रात्यक्षिक झालं.

वीस गुणांचं प्रात्यक्षिक, आणि ते वीस गुण शाळेच्या हातात. हे वीस गुण कसे पडतात ते या जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. प्रयोगवही गेल्या वर्षीच्या पोराच्या वहीवरून उतरवायची, प्रयोगाच्या कपाटाला कुलूप, आणि परीक्षेच्या दिवशी मास्तर दोन प्रश्न विचारून अठरा, एकोणीस टाकून मोकळा. आपल्या शाळेतही तेच होतं. वर्षातून एकदा तुम्ही टेबलावर काचेची चीप ठेवून चार टाचण्या टोचून प्रकाश काचेत वाकतो कसा ते दाखवलं होतं, तेही मागच्या बाकांवरून आम्हाला तुमच्या पाठीशिवाय काही दिसलं नव्हतं. त्या दिवशी तुम्ही एकेकाला हजेरीप्रमाणे बोलावलंत. कुणाला विचारलंत, प्रकाश सरळ रेषेत जातो की वाकडा. कुणाला विचारलंत, आम्लात लिटमस कोणता होतो. पोरं हसत बाहेर येत होती.

माझी पाळी आली तेव्हा तुम्ही कपाट उघडलंत. चीप काढलीत, पांढरा कागद पसरलात, टाचण्या पुढे सरकवल्यात आणि म्हणालात, "कर."

मी दोन टाचण्या अलीकडून टोचल्या. पलीकडून एक डोळा मिटून पाहिलं. काचेतून टाचण्या दिसत होत्या, पण त्यांच्या रेषेत आणखी दोन टोचायच्या कुठे ते काही केल्या जमेना. तुम्ही खिडकीतून बाहेर जीपवाल्यांची भांडणं ऐकत उभे होता. थोड्या वेळाने वळलात, कागद पाहिलात, "बस्स," म्हणालात. मी विचारलं, "जमलं काय सर?" तुम्ही म्हणालात, "जाय घरी. काकूले दळण आनून दे."

किती गुण पडले ते मला जूनपर्यंत कळलं नाही. तुम्हाला मात्र त्याच दुपारपासून माहीत होतं. तरी पुढे महिनाभर तुम्ही माझ्यासमोर बसून जेवत होता, पेपर कसा गेला म्हणून विचारत होता, शेवटच्या पेपरच्या दिवशी काकूंना खीर करायला लावलीत आणि मला म्हणालात, "पहिली वाटी तुह्या हातानं मले वाढ." मी वाढली. तुम्ही ती खाल्लीत. त्या खिरीचा मला आजही राग येतो.

जूनमध्ये गुणपत्रिका आली. बाकी विषयांत मी शाळेत पहिली. प्रात्यक्षिकात अकरा. ज्याला आपलं नाव नीट लिहिता येत नव्हतं त्या पोराला अठरा, आणि मला अकरा. अकोल्याच्या कॉलेजात अकरावी सायन्सची यादी लागली, त्यात माझं नाव शेवटच्या नावाच्या खाली राहिलं. ती यादी चुकली म्हणून वसतिगृह चुकलं, आणि वसतिगृह चुकलं म्हणून मी दोन वर्षं मंगरूळच्या जीपला मागे लटकून कॉलेजात गेले, तिथे फिजिक्सला मास्तर नव्हता. मला डॉक्टर व्हायचं होतं. हे मी तुमच्या चुलीजवळ बसून तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही म्हणाला होतात, "होशीन."

मी गुणपत्रिका घेऊन तुमच्या ओसरीवर आले. तुम्ही पेपर वाचत होता. मी विचारलं, "सर, अकरा?"

"तुले येत नवतं," तुम्ही म्हणालात.

"कोनाले येत होतं सर? एक नाव सांगा."

तुम्ही पेपर खाली ठेवला नाहीत. पेपराच्या आडूनच बोललात, "तू माह्या घरात जेवत होती. लोकं म्हनतीन, घरची पोट्टी हाये म्हनून मास्तरनं मार्क वाटले."

झालं! सगळा प्रामाणिकपणा या एका वाक्यात बाहेर पडला. म्हणजे मला येत नव्हतं म्हणून अकरा नाहीत, मी आपलीच म्हणून अकरा. दुसऱ्यांची पोरं तोंडपाठ दोन उत्तरं देऊन सुटली आणि घरच्या पोरीला कुलूप उघडून उभं केलंत, कशासाठी, तर शेलूबाजारच्या पानटपरीवर तुमचं नाव चांगलं राहावं म्हणून. तुमच्या नावाची किंमत मी भरली. आणि शोकसभेत अध्यक्ष म्हणतात, एक गुण फुकट दिला नाही.

पुढे तुम्ही ते वाक्य नाकबूल केलंत. बी.एस्सी., बी.एड. करून मी बसले होते तेव्हा तुम्हीच निरोप धाडून मला या शाळेत विज्ञानाला घेतलंत. लोकांना वाटलं मी उपकार मानून आले. मी आले ते रोज तुमच्या डोळ्यांसमोर उभं राहायला. पहिल्याच आठवड्यात मी विषय काढला, तर तुम्ही शांतपणे म्हणालात, "मी असं बोललोच नाई." त्यानंतर दर फेब्रुवारीत गुण भरायची वेळ आली की मी भर शिक्षकखोलीत विचारायची, "सर, यंदा अकरा कोनाले?" सगळे बशीत चहा ओतायचे थांबायचे. तुम्ही चष्मा पुसायचे. एकदा गणिताच्या राऊत सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, सोडा आता, बुढा मानूस हाये." मी म्हटलं, बुढा झाला म्हणून झालेलं नाहीसं होत नाही. तुमच्या निवृत्तीच्या समारंभात शाल मीच दिली, आणि शाल खांद्यावर टाकताना कानात पुन्हा तेच विचारलं. फोटोत आपण दोघं किती प्रेमाने एकमेकांकडे बघतोय म्हणून काकूंनी तो भिंतीवर लावला आहे.

एक मात्र केलं. कपाटाचं कुलूप मी काढलं. आता दहावीचं प्रत्येक पोरगं चीप हातात घेतं, चार काचा फुटतात, टाचण्या बोटात घुसतात, पण प्रयोग होतो. तुम्ही निवृत्तीनंतर एकदा येऊन दारातून पाहून गेलात. काही बोलला नाहीत. बरोबर असलं की तुम्ही बोलत नाही, हे मला ठाऊक होतं, पण त्या दिवशी तरी बोलायला हवं होतं.

आणि मग या दिवाळीनंतर काठी टेकत तुम्ही ऋतुजाला घेऊन माझ्या घराच्या दारात आलात. तुमचा मुलगा आणि सून पुण्याला, नात तुमच्याकडे, आणि तुम्हाला तर खोकल्याने झोप नाही. शाळेचा रिवाज तुम्ही तुमच्याच घराला लावलात. म्हणालात, "हिले तुह्याकडं ठेव परीक्षा होयेपावतर."

मला वाटलं देवाने ताट वाढून समोर ठेवलं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते तुम्ही स्वतः हाताला धरून आणून दिलंत. मी तिच्यादेखत तोंडावर सांगितलं, "ठेवते. पन सर, अकरा देईन."

तुम्ही हसलातही नाही. "येत नसन तं दे," म्हणालात, आणि जिना उतरून गेलात.

ती आपली शेवटची भेट. मी सूड बोलून दाखवला आणि तुम्ही त्यावर सही करून गेलात. चिडायचं तरी होतं! "माह्या नातीवर कायले राग काढतं?" असं तरी म्हणायचं होतं. म्हणजे मी तुमच्यावर धावून गेले असते, सगळं बोलून टाकलं असतं, तुम्ही दोन शब्द सुनावले असते, मी चार सुनावले असते, आणि कदाचित आपण दोघं रडलो असतो. ते राहिलं. तुम्ही मेलात आणि सुटलात, सर. मी मात्र तशीच अडकून आहे.

तेरवीला भांडी आवरू लागायला मी काकूंकडे थांबले. त्यांनी परात पुसता पुसता विचारलं, "सविते, त्याइच्याकडं तुहं काई राह्यलं काय? गेलेल्या मानसावर कोनाचं देनं ठिवू नोको म्हनतेत."

"नऊ मार्क राह्यले, काकू."

त्यांनी परात खाली ठेवली. "मले मालूम हाये. म्या आयकलं होतं पेपराच्या आडून बोलले ते. तुले अकरा देले त्या दिवशी दोन जेवनं नाई जेवले ते. पोट दुखते म्हनले."

म्हणजे तुम्ही ते बोलला होतात तर! काकूंच्या तोंडून ते ऐकून मला आधी आनंद झाला, साक्षीदार सापडल्याचा. मग तुमच्या उपासाचं कळलं आणि डोकंच फिरलं. दोन जेवणं! माझी दोन वर्षं जीपच्या दांडीला लटकून गेली आणि तुम्ही दोन भाकरी सोडून भागवलंत. आणि तेही मला न सांगता. सांगितलं असतं तर मी तेव्हाच माफ केलं असतं, मी काय मोठी शहाणी होते, पोरगीच होते. आता करणार नाही.

ऋतुजाचं प्रात्यक्षिक मी मुद्दाम सगळ्यांच्या शेवटी ठेवलं. बाकी पोरं गेली. तिने कागद पसरला, चीप ठेवली, कडेने रेघ मारली, दोन टाचण्या टोचल्या आणि पलीकडून एक डोळा मिटून वाकली. मी खिडकीत जाऊन उभी राहिले. मुद्दाम. हे सगळं माझ्या मनात कितीतरी वेळा होऊन गेलेलं होतं.

तिचंही तिथेच अडलं. टाचण्या जरा कलल्या होत्या आणि ती वरून त्यांची डोकी जुळवत होती. डोकी जुळवून चालत नाही, काचेतून टाचण्यांचे पाय दिसतात ते एका रेषेत आणावे लागतात. तिने पलीकडे दोन टाचण्या टोचून रेघ मारली तर ती भलतीकडेच गेली. काचेत शिरणारी आणि बाहेर पडणारी, दोन्ही रेघा समांतर यायला हव्या होत्या, आणि ही तर कारंज्याच्या रस्त्याला लागली होती. तिलाही दिसलं ते. तिने पेन्सिल खाली ठेवली.

माझ्या हातात पेन होतं. अकरा लिहायला एक क्षण लागला असता. आणि तुम्हाला खरंच वाईट वाटावं असं काही करायचं असेल तर वीस लिहायचे, हेही सुचलं होतं. तुमच्या नातीला फुकटचे वीस! तेरवीचं जेवण तुमच्या घशाखाली उतरलं नसतं. दोन्ही सूड तयार होते. मी तिच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "उद्या ये. पुन्हा कर."

का म्हटलं ते मला सांगता येणार नाही. अकरा तुमच्या रीतीचे होते आणि फुकटचे वीस सगळ्या जगाच्या, मला दोन्ही लिहायला लाज वाटली.

पोरगी उलट चिडली. "टाका ना मॅडम काय टाकाचे ते. आबाजी म्हनत, येत नसन तं मांगू नोको."

"तुह्या आबाजीचं इथं आता काई चालत नाई," मी ओरडले. "उद्या ये म्हनलं तं उद्या ये."

दुसऱ्या दिवशी आली. मी तिला वाकायला लावलं, हनुवटी टेबलाला टेकवायला लावली, म्हटलं, "डोकी नोको पाहू, पाय पाह्य." तरी रेघ थोडी फाकलीच. तिसऱ्या दिवशी मी काहीच बोलले नाही. तिने स्वतःच कागद बदलला, टाचण्या सरळ टोचल्या, टेबलाला गाल लावून पाहिलं आणि रेघ मारली. पट्टी ठेवून बघितलं. समांतर. ती ओरडलीच, "आली!" पेन्सिल बोथट होती, रेघ जाड आली होती, त्याचे दोन कापले. अठरा लिहिले. हे अठरा तिचे होते, सर. कोणाच्या घरी जेवल्याचे नव्हते आणि न जेवल्याचेही नव्हते.

गुण भरून मी सही केली. ती सामान कपाटात ठेवत होती. पाठमोरीच म्हणाली, "मॅडम, एक विचारू? आबाजीनं तुमाले किती देले होते?"

तिने ते अकरा त्या दिवशी दारात ऐकले होते, विसरली नव्हती. मला खोटं बोलता आलं असतं. मेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात. पण तुमच्या मंडपात मी एकदा गप्प बसले होते, तेवढं पुरे झालं. मी सगळं सांगितलं. भाकर, खीर, कपाट, पेपराआडचं ते वाक्य, अकोल्याची यादी. काही वगळलं नाही, काही वाढवलंही नाही. सांगताना मला बरं वाटत होतं, हेही लपवत नाही. तुमच्या घरात तुमचं खरं रूप माहीत असलेलं आणखी एक माणूस मी तयार करत होते.

तिने सगळं ऐकलं. रडली बिडली नाही. कपाटाला हात लावून उभी राहिली आणि म्हणाली, "नाई पन मॅडम, तुमाले येत नवतं तं नवतं. मंग दुसऱ्या दिवशी पुन्हा काहून नाई करू देलं त्याइनं? तुमी तं त्याइच्या घरातच होत्या न?"

सर, इतकी वर्षं मी तुम्हाला विचारत होते, अकरा काहून. तुमच्याकडे त्याला दोन उत्तरं होती, येत नव्हतं आणि लोकं म्हनतीन. या पोरीच्या प्रश्नाला तुमच्याकडे एकही नाही. कपाटाची किल्ली तुमच्या कमरेच्या करगोट्याला होती. मी रोज पहाटे तुमच्या चुलीपाशी बसत होते. एक चीप आणि चार टाचण्या घरी आणायला तुमचं काय जात होतं?

"मले काय इचारतं?" मी म्हटलं. "आजीकडं जाय, फोटोपुढं बस, आन त्याइलेच इचार."

ती गेली. चपला घालताना तिच्या कपाळावर तुमचीच ती आठी होती. तुमची नात आहे, सर. उत्तर मिळाल्याशिवाय ती उठायची नाही.